तिसरी तार

गेल्या वर्षीं पावसाळ्यांत आम्ही शंभराहून अधिक वेळां समुद्रांत बुडालों. त्याशिवाय कांहीं वेळां एका अवाढव्य युद्धनौकेच्या मागील कडेवर आपटून आमच्या विमानाचे तुकडे झाले, आणि एकदां तर डेकवर निमूटपणें उभ्या असलेल्या दुसऱ्या दोन विमानांस बरोबर घेऊनच आम्हीं जलसमाधि घेतली. हें सर्व आमच्या राहत्या घरांतील मागच्या खोलींत, रात्रीं जेवणें आटोपल्यावर, तपासावयाच्या वह्यांचा गठ्ठा बाजूस सारून घडलें. इतक्या अपघातांतून प्रस्तुत लेखक चष्म्याची एक दांडी मोडण्यापलीकडे कांहीं इजा न होतां बाहेर पडला, हें वाचून आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं कांहींची निराशा होईल. त्यास आमचा इलाज नाहीं.

ज्या यंत्राच्या योगानें हें घडलें त्यास सिम्युलेटर म्हणतात. खरें विमान नाहीं, खरा समुद्र नाहीं. संगणकाच्या पडद्यावर वैमानिकाची बैठक, तिच्यांतील घड्याळें, बाहेरचें आकाश व पाणी हीं हुबेहूब उमटतात. आपल्या उजव्या हातीं विमानाची दांडी, डाव्या हातीं इंजिनाची शक्ति कमीजास्त करणारा थ्रॉटल. आम्ही चालवीत होतों तें विमान अमेरिकन आरमाराचें 'एफ/ए-१८ हॉर्नेट' ह्या जातीचें लढाऊ जेट, आणि बोट त्याच आरमाराची 'थिओडोर रूझवेल्ट' ही विमानवाहू नौका. खेळाचें नांव 'डीसीएस वर्ल्ड'. हा खेळ आहे असें आम्ही म्हणत असूं. आमचे चिरंजीव तसें म्हणत नसत.

वाचकांस थोडें मागें न्यावयास हवें. २०१० सालच्या डिसेंबरांत आम्ही चिरंजीवांस घेऊन मुंबईस गेलों होतों. आपल्या आरमाराची पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' त्या काळीं संग्रहालय म्हणून तेथें उभी होती. १९६१ सालीं ती आरमारांत दाखल झाली; १९७१ च्या युद्धांत तिच्यावरील सी हॉक व अलिझे विमानांनीं बंगालच्या उपसागरांत कामगिरी बजावली; १९९७ सालीं ती निवृत्त झाली, आणि २०१४ सालीं मोडींत निघाली. मुलाचें वय त्या वेळीं चार वर्षांचें. डेकच्या मध्यावर उभें राहून त्यानें पुढच्या टोंकाकडे पाहिलें, मग मागच्या टोंकाकडे पाहिलें, आणि विचारलें, "बाबा, एवढ्याशा जागेंत विमान थांबतें कसें?" आम्हीं काय उत्तर दिलें तें आतां स्मरत नाहीं. बहुधा "पुढें चल, मागें माणसें खोळंबलीं आहेत" असेंच दिलें असावें.

त्या दिवसापासून आपण आरमाराचें विमान चालवावयाचें हें त्याच्या मनानें घेतलें. त्यासाठीं त्यानें अभ्यास केला, पहाटे धांवण्याचा नेम ठेवला, लेखी परीक्षा दिली, मुलाखतींतून पार पडला. शेवटीं वैद्यकीय तपासणी झाली. रंगीबेरंगी ठिपक्यांत लपविलेले आंकडे वाचावयाचें एक पुस्तक त्याच्यापुढें धरण्यांत आलें, आणि त्यांतील बहुतेक पानांवर त्यास एकही आंकडा दिसला नाहीं. तांबडा व हिरवा हे रंग त्यास एकमेकांपासून ओळखतां येत नाहींत, असें निष्पन्न झालें. नियम कडक आहे आणि तो योग्यच आहे. ज्याच्या हातीं इतरांचे प्राण सोंपवावयाचे त्यास दिव्याचा रंग कळलाच पाहिजे. आमची तक्रार नियमाविरुद्ध नाहीं. आम्ही वीस वर्षें शिक्षकाचा धंदा करीत आहों, तो मुलगा अठरा वर्षें आमच्या पंक्तीस जेवत आला, आणि ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती.

तेथून परतल्यावर तो महाविद्यालयांत जाऊं लागला, पण घरांत बोलेनासा झाला. उपासनेस येई, गीतें म्हणे, आणि घरीं येऊन मागच्या खोलीचें दार लोटून घेई. लहान मुलांच्या शिकवण्या करून त्यानें पैसे सांठविले व ती दांडी आणि तो थ्रॉटल विकत घेतला. आम्ही त्यास 'खेळणें' म्हणालों. एकदांच म्हणालों, पण तेवढें पुरें झालें. त्याच्या आईनें तर त्या खोलींत पाऊल टाकणेंच सोडलें. हा दोष मातेकडून पुत्राकडे येतो असें डॉक्टरांनीं समजावून सांगितलें होतें. तिचे वडीलही तांबडें हिरवें ओळखत नसत, हें तिला तेव्हां आठवलें.

जूनमधील एका रात्रीं वीज जाऊन परत आली, आणि दार उघडेंच राहिल्यामुळें आम्ही उंबऱ्यापाशीं थांबलों. कांहीं तरी बोलावें म्हणून आम्हीं विचारलें, हें असलें यंत्र प्रथम कोणीं काढलें? तो पडद्यावरील नजर न काढतां म्हणाला, "ऑर्गन करणाऱ्या माणसानें."

आमच्या मंडळीच्या देवळांतील जुना ऑर्गन आम्ही पंधरा वर्षें वाजवीत आलों आहों, आणि त्याच्या भात्यास ठिगळें लावण्यांत आमच्या कित्येक शनिवारांचा व्यय झाला आहे. हें त्यास ठाऊक होतें. त्यानें सांगितलेली हकीकत अशी. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन गांवीं एडविन लिंक ह्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो करण्याचा कारखाना होता. लिंकला विमान चालविण्याचें वेड, पण शिकवणीचा खर्च भारी. त्यानें १९२९ च्या सुमारास कारखान्यांतील भाते, झडपा व हवेचे पंप जोडून लांकडाचें एक लहानसें विमान केलें. दांडी हलवितांच भात्यांत हवा भरे किंवा रिकामी होई आणि विमान त्या बाजूस कलंडे. आरंभीं त्यास गिऱ्हाईक मिळालें तें जत्रेंतील करमणुकीच्या बागांचें. पुढें १९३४ सालीं टपाल वाहण्याच्या कामीं ढगांत व अंधारांत सांपडून अमेरिकन लष्कराचे कित्येक वैमानिक मेले, तेव्हां लष्करानें त्याचीं सहा यंत्रें घेतलीं; आणि दुसऱ्या महायुद्धांत लाखों वैमानिकांनीं प्रथम ह्या भात्यावरच्या विमानांत बसून, जमीन न सोडतां, ढगांतून वाट काढण्याचा धडा घेतला.

भाता ह्या एका शब्दानें आमचा विरोध अर्धाअधिक मावळला. आम्हीं विचारलें, "मला जमेल का रे?" तो उठला, खुर्ची पुढें सरकवून म्हणाला, "बसा."

बोटीवरून उडणें सोपें आहे, कारण त्यांत आपल्याकडे फारसें कर्तृत्व नसतेंच. डेकवर कॅटापुल्ट म्हणून वाफेच्या जोरावर चालणारी एक गोफण असते. ती सुमारें दोन सेकंदांत विमानास थांबलेल्या स्थितींतून ताशीं अडीचशें किलोमीटरांहून अधिक वेगास पोंचविते. खऱ्या हॉर्नेटचा वैमानिक त्या वेळीं आपला उजवा हात दांडीवर ठेवीतच नाहीं. बैठकीच्या कांचेलगत एक मूठ असते, ती धरून बसतो, म्हणजे धक्क्यानें हात ओढला जाऊन भलतेंच होऊं नये. विमानांतील संगणक नाक आपोआप वर उचलतो. मुलानें आम्हांसही हात काढून बसावयास लावलें. हातांत कांहीं नसतांना निमूट बसणें हें आमच्यासारख्या मास्तराला किती जड जातें, तें त्या दोन सेकंदांत कळलें.

परत उतरणें ही मात्र निराळीच विद्या आहे. बोट सुमारें ३३३ मीटर लांब. पण उतरण्याची पट्टी तिच्या अंगावर तिरकी आखलेली, लांबी सुमारें २४० मीटर. ह्या पट्टीवर आडव्या चार पोलादी तारा ताणलेल्या असतात. विमानाच्या शेपटीखालीं एक आंकडा लोंबतो. त्यानें ह्यांपैकीं एक तार पकडावयाची. दोन तारांमधलें अंतर सुमारें बारा मीटर. पहिली तार पकडली तर आपण फार खालून आलों, मागची कडा थोडक्यांत चुकली. चौथी पकडली तर फार वरून आलों. तिसरी पकडावी हा दंडक. बोट चालत असते आणि पट्टी तिरकी असते, म्हणून ती दर क्षणीं थोडी थोडी उजवीकडे सरकत जाते. ज्या ठिकाणावर आपण नेम धरला तें ठिकाण आपण पोंचेपर्यंत तेथें राहिलेलें नसतें.

रीत अशी. आकाश निरभ्र असतां बोटीच्या मागून आठशें फूट उंचीवरून, ताशीं साडेतीनशें नॉट वेगानें, तिच्या उजव्या अंगास लागून पुढें जावयाचें. मग डावीकडे झपाट्यानें वळून उलट दिशेस यावयाचें, सहाशें फुटांवर उतरावयाचें, चाकें सोडावयाचीं, आणि पुन्हां वळून बोटीच्या पाठीशीं लागावयाचें. शेवटचा सरळ मार्ग अवघा पंधरा ते अठरा सेकंदांचा. ह्या वेळीं सर्व स्वाभाविक बुद्धि उलटी करावी लागते. विमान खालीं जात आहे असें दिसतांच नाक वर करावेंसें वाटतें. तसें केलें कीं वेग मरतो आणि विमान अधिकच खालीं जातें. उंची राखावयाची ती डाव्या हातानें, इंजिनाची शक्ति वाढवून. आणि ती वाढविली कीं लगेच थोडी कमी करावयाची, पुन्हां थोडी वाढवावयाची. डावा हात क्षणभरही स्थिर राहतां कामा नये. आम्हांस पहिले दोन आठवडे एवढेंच शिकण्यांत गेले, आणि आरंभीं सांगितलेल्या जलसमाध्यांपैकीं बहुसंख्य ह्याच काळांतील आहेत.

सर्वांत उलटी गोष्ट शेवटची. चाकें डेकला टेकतांच थ्रॉटल मागें न ओढतां पूर्ण पुढें लोटावयाचा. थांबावयाचें आहे त्याच क्षणीं सर्व शक्ति खुली करावयाची! कारण आंकड्यानें तार धरली कीं नाहीं हें कळण्यास जो अवधि लागतो, तेवढ्यांत पट्टी संपते. तार धरली तर विमान पूर्ण शक्ति लावूनही जागच्या जागीं थांबतें. न धरली तर तीच शक्ति त्यास पुन्हां हवेंत नेते, आणि वैमानिक एक फेरी मारून नव्यानें येतो. ह्यास ते 'बोल्टर' म्हणतात. त्यांत लाज नाहीं असें मुलानें सांगितलें. आम्हीं सात रात्रींत एकोणतीस बोल्टर केले, तेव्हां त्याचें म्हणणें आम्हीं खरें मानलें.

ही विद्या माणसांच्या प्राणांवर शिकली गेली आहे. १९११ च्या जानेवारींत यूजीन ईली ह्यानें सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांत 'पेन्सिल्व्हानिया' ह्या लढाऊ जहाजावर प्रथम विमान उतरविलें. डेकवर लांकडी फळ्या ठोकल्या होत्या. त्यांवर आडवे दोर, आणि प्रत्येक दोराच्या दोन्ही टोंकांस वाळूच्या पिशव्या. आजच्या पोलादी तारेची ही आजी. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत विमानाच्या खेळांत ईली मेला. चालत्या बोटीवर प्रथम उतरला तो इंग्रज वैमानिक एडविन डनिंग. २ ऑगस्ट १९१७ रोजीं 'फ्यूरियस' बोटीवर त्याचें हलकें विमान आलें तेव्हां डेकवरील अधिकाऱ्यांनीं धांवत जाऊन त्याचे पट्टे हातांनीं धरले व त्यास खालीं ओढलें. पांच दिवसांनीं पुन्हां प्रयत्न करतांना विमान कडेवरून पाण्यांत गेलें आणि डनिंग बुडाला. त्याचें वय पंचवीस वर्षांचें होतें. हें वाचल्यावर आमच्या शंभर जलसमाध्यांचा विनोद आम्हांसच थोडा कडवट लागला.

आतां त्या दिव्याविषयीं. पट्टीच्या डाव्या कडेस भिंगांची एक उभी चौकट असते. तिच्या दोन्ही अंगांस हिरव्या दिव्यांची आडवी ओळ, आणि मधोमध एक पिवळट उजेडाचा गोळा. आपण योग्य वाटेवर असलों तर गोळा ओळीच्या बरोबर मध्यें दिसतो. वर गेलों तर वर, खालीं गेलों तर खालीं. फारच खालीं गेलों तर तो तांबडा होतो. वैमानिक त्यास नुसता 'बॉल' म्हणतात. पूर्वीं डेकच्या कडेस एक माणूस दोन्ही हातांत पाट्या धरून हालचालींनीं हें सांगत असे. १९५१ च्या सुमारास निकोलस गुडहार्ट ह्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यास आरशाची युक्ति सुचली. त्यानें कचेरींतील बाईचा लहान आरसा व ओठांस लावावयाची लाली मागून घेतली, आरशावर एक रेघ ओढली, आणि उजेडाचा ठिपका रेघेवर ठेवीत मेजाकडे चालत ये असें तिलाच सांगितलें. चालतां चालतां ती वांकत गेली आणि तिची हनुवटी अचूक मेजावर टेकली, असें सांगतात. पुढें आरशाच्या जागीं भिंगें आलीं.

ह्या बॉलकडेच पाहावयाचें. डेककडे पाहावयाचें नाहीं. हें सांगणें सोपें आहे. समोर एवढी थोरली पोलादी भिंत चालून येत असतां तिच्याकडे न पाहणें मनुष्यस्वभावास सोडून आहे. लाटांकडे पाहतांच पेत्र बुडूं लागला, ह्या पाठावर आम्हीं शब्बाथशाळेंत किती वेळां प्रवचन केलें असेल! आणि तरी पंधरा सेकंदांपैकीं बाराव्या सेकंदास आमची नजर हटकून डेककडे जाई. डेकवरच्या अधिकाऱ्याचा आवाज कानीं पडे, "पॉवर, पॉवर", आणि मग आपटल्याचा आवाज.

एके रात्रीं आम्ही खुर्चीच्या मागें उभे होतों व मुलगा विमान चालवीत होता. बॉल खालीं घसरला. आम्ही ओरडलों, "अरे, तांबडा झाला!"

"कोठें तांबडा?" तो म्हणाला. त्याचा हात तोंवर पुढें गेला होता आणि गोळा ओळीवर परत आलाही होता. तो थोड्या वेळानें म्हणाला, "मला तो खालीं गेलेला दिसतो, बाबा. तेवढ्यावर भागतें. रंग मला लागत नाहीं." मग आणखी थोडें थांबून, "येथें भागतें," असें म्हणाला.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. तो दुसरींत असतांनाची एक गोष्ट वर आली. चित्रकलेच्या वहींत त्यानें आंब्याचें झाड काढून पानें तपकिरी व खोड हिरवें रंगविलें होतें. आम्हांस तो वात्रटपणा वाटला. आम्हीं त्यास तासभर बसवून तेंच झाड पुन्हां काढावयास लावलें, आणि त्यानें तें बिनचूक काढून आणलें. आपली शिस्त लागू पडली म्हणून आम्ही प्रसन्न झालों. त्यानंतर तो आपले मेणखडू विलक्षण जपूं लागला. त्यांवरील कागदाचें वेष्टण तो कधीं फाटूं देत नसे. आम्हीं ह्या टापटिपीचें चारचौघांत कौतुकही केलें आहे. त्या वेष्टणावर रंगाचें नांव छापलेलें असतें, आणि तो तें वाचून रंग भरीत होता, हें आम्हांस बारा वर्षांनीं अंधारांत छताकडे पाहत असतां कळलें. (ज्या पालकांस आपल्या मुलाविषयीं अशी शंका येईल त्यांनीं ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडून लवकर दूर करून घ्यावी, तपासणीस दहा मिनिटेंही लागत नाहींत.)

सकाळीं आम्हीं त्यास मेणखडूंविषयीं विचारलें. तो हंसला. "तुम्हांला आठवतें?" म्हणाला. आम्हीं क्षमा मागितली. बापानें मुलाची क्षमा मागण्याची आमच्याकडे पद्धत नाहीं, त्यामुळें दोघांसही अवघड झालें, आणि त्यानें बोलणें बदलून सांगितलें, "आज तुम्ही वळण उशिरां घेऊन पाहा."

हें लढाऊ विमान आहे, ही गोष्ट आम्ही लपवीत नाहीं. एकदां त्याच्या आग्रहावरून आम्हीं क्षेपणास्त्रही सोडलें. समोरच्या कांचेवर एक हिरवा चौकोन दिसत होता; त्यांत शत्रूचें विमान आहे असें यंत्र म्हणत होतें. आम्हांस विमान दिसलें नाहीं, माणूस तर नाहींच. बोटानें कळ दाबली, आंकडे कमी कमी होत शून्यावर आले, दूर एक ठिणगी चमकली. त्या ठिणगींत कोणीही नव्हतें हें आम्ही जाणतों. पण खऱ्या विमानांतही वैमानिकास एवढेंच दिसत असेल, ही गोष्ट मनांतून जाईना. त्यानंतर आम्हीं बिनशस्त्र विमानच मागून घेतलें. मुलगा लढाया करतो. आम्ही नुसते उतरतों. ह्यावर आमचें एकमत झालें नाहीं, आणि होईल असें दिसत नाहीं.

अमेरिकन आरमारांत प्रत्येक उतरण्यास दर्जा मिळतो, आणि तो फळ्यावर सर्वांदेखत मांडतात. आमच्या घरीं फळा नव्हता म्हणून मुलानें एक वही घातली. डेकवरच्या अधिकाऱ्याचे शेरे तो तींत आपल्या शब्दांत उतरून ठेवी. वीस वर्षें आम्ही लाल शाईनें इतरांच्या वह्यांत शेरे लिहीत आलों आहों. 'निष्काळजीपणा' हा आमचा आवडता शब्द. ह्या वहींत तो शब्द कोठेंच आढळला नाहीं. 'मध्यें उंच. शेवटीं घाईनें शक्ति कमी केली.' 'नजर डेककडे गेली असावी.' 'उशिरां सुधारलें, पण सुधारलें.' जें घडलें तें लिहिलेलें, आणि ज्याच्या हातून घडलें त्याविषयीं एक अक्षर नाहीं. सहामाहीच्या वह्या तपासतांना आमची लाल शाई नेहमींपेक्षां हळूं चालली. त्या वर्गांतील मुलांनीं त्याचा काय अर्थ केला असेल तो असो.

ऑगस्टच्या अखेरीस एका रात्रीं बाहेर पाऊस कोसळत असतां बॉल ओळीवर आला आणि पंधराच्या पंधरा सेकंद तेथेंच राहिला. चाकें टेकलीं, आम्हीं थ्रॉटल पुढें लोटला, आणि सर्व शक्तीनिशीं गर्जना करीत असतांही विमान जागच्या जागीं थांबलें. मुलगा ओरडला, "तिसरी! बाबा, तिसरी तार!" आम्हीही ओरडलों असूं, कारण स्वयंपाकघरांत भांडें पडल्याचा आवाज झाला आणि त्याची आई हातांतलें फडकें तसेंच घेऊन दारांत आली. काय झालें, कोण पडलें, असें ती विचारीत होती. उंबऱ्याच्या आंत आपलें पाऊल पडलें आहे हें तिच्या ध्यानांत आलेलें दिसलें नाहीं. तो खुर्ची फिरवून म्हणाला, "आई, तूं बस. बाबांना जमलें, मग तुला जमेलच."

ती नको नको म्हणत बसली, आणि त्या रात्रीं तिनें नऊ वेळां जलसमाधि घेतली. वहींत तिच्यासाठीं निराळें पान घातलें आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तें आमच्या पानाहून चांगलें दिसूं लागलें होतें.